आधी दारू सुटू द्यावी, की उदासीवर त्याच वेळी उपचार सुरू करावेत?

शरयूकाठ यांचा प्रश्न

माझ्या थोरल्या भावाच्या उपचारांवरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत, आणि दोन डॉक्टरांनी दोन निरनिराळ्या दिशा दाखवल्यामुळे नेमके कोणाचे ऐकावे हे कळेनासे झाले आहे. दादाचे वय ४२ आहे. तरुणपणापासून तो दारू घेतो. गेल्या काही वर्षांत ती रोजची झाली आणि अलीकडे सकाळी हात थरथरू लागले, की तो संध्याकाळचीही वाट पाहत नाही. याच काळात त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कामात लक्ष लागेनासे झाले आणि "मी नसलो तर तुमची सगळ्यांची सुटका होईल" असे त्याने वहिनीला एकदोनदा बोलून दाखवले. मध्यंतरी त्याने आपणहून दारू बंद करून पाहिली होती, परंतु काही आठवड्यांतच, न प्यायल्याने मन अधिकच जड होते असे सांगून पुन्हा सुरू केली.

पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की आधी दारू पूर्ण बंद होऊ द्या. उदासी आपोआप जाईल आणि उरलीच तर नंतर पाहू. दुसऱ्यांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, पण तो किती पितो आणि कधीपासून पितो याची फारशी चौकशी केली नाही. आईला वाटते, की तो दुःखी आहे म्हणून पितो. वहिनीचे मत नेमके उलट आहे. यात आधी काय आले हे ठरवता येते का, आणि ते ठरेपर्यंत उपचार थांबवणे योग्य आहे का? व्यसनाबरोबर आणखी कोणते मानसिक आजार असू शकतात, ज्यांच्याकडे आमचे लक्षच गेलेले नाही, हेही जाणकारांनी सांगावे.

मानसवैद्य यांचे उत्तर

ताई, मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण त्या थांबू शकत नाहीत. पहिली म्हणजे दादांनी काढलेले उद्गार. नैराश्य आणि दारू एकत्र आली, की आत्मघाताचा धोका दोन्हींपैकी एकच असतानाच्या तुलनेत वाढतो, कारण नशेत विचार आणि कृती यांमधले अंतर फार कमी होते. त्यांना शांतपणे, पण सरळ शब्दांत विचारा, की जीव देण्याचा विचार मनात येतो का आणि तो कसा द्यायचा हेही ठरवले आहे का. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत खरी नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या.

दुसरी गोष्ट अशी, की सकाळी हात थरथरणे ही शरीर दारूवर अवलंबून असल्याची खूण आहे. अशा माणसाने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काहींना ताप, तीव्र गोंधळ, भास आणि अस्वस्थता यांनी युक्त असा प्रलाप होतो, जो वेळेवर उपचार न मिळाल्यास प्राणघातक ठरतो. म्हणून दारू थांबवायची ती वैद्यकीय देखरेखीखालीच. या काळात थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, देण्यामागचे कारणही असेच गंभीर आहे: दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि ती भरून काढली नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुमची आई आणि वहिनी या दोघींचेही म्हणणे खरे असू शकते आणि बहुतेक वेळा ते असतेही. सलग दारू पिण्याने झोप, भूक, मनःस्थिती आणि आशा या सगळ्यांवर असा परिणाम होतो, की दिसणारे चित्र नैराश्याच्या आजारापासून वेगळे ओळखता येत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांच्या मनःस्थितीची दर आठवड्याला नोंद ठेवण्यात आली. पहिल्या आठवड्यात त्यांतील ४२ टक्क्यांमध्ये लक्षणीय नैराश्य होते. चौथ्या आठवड्यात, नैराश्यासाठी वेगळे औषध न देता, ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. पहिले डॉक्टर जे सांगतात त्याचा आधार हा आहे, आणि तो कच्चा नाही. मात्र त्या अभ्यासात दारूचे व्यसन आधीपासूनचे आणि मुख्य असलेलेच पुरुष घेतले होते, ही गोष्ट सांगताना सहसा गळते. ज्यांना नैराश्याचा आजार स्वतंत्रपणे आहे, त्यांची उदासी महिनाभराने उतरत नाही.

हा फरक ओळखण्यासाठी आम्ही तीन गोष्टी पाहतो. पिणे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे किशोरवयात वगैरे, उदासीचा एखादा दीर्घ काळ येऊन गेला होता का. दारू नसलेल्या मोठ्या कालखंडात, साधारण महिन्याहून अधिक, लक्षणे टिकून होती का. आणि रक्ताच्या नात्यात कोणाला नैराश्य, उन्माद (आजारामुळे येणारा अतिरेकी, बेलगाम उत्साह) किंवा आत्मघाताचा इतिहास आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल, तर महिनाभर स्वस्थ बसून पाहण्याला अर्थ नाही. आत्मघाताचे विचार असतील, तर तो नाहीच नाही.

वाटसरू यांचे उत्तर

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचे काम करतो. वरील उत्तरातील वैद्यकीय भागाशी मी सहमत आहे, परंतु "आधी दारू सोडा, मग पाहू" या वाक्याचा प्रत्यक्षात कसा वापर होतो, याबद्दल मला जरा कडक बोलायचे आहे. अनेक ठिकाणी मानसिक आजारांचा विभाग पिणाऱ्याला व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवतो आणि केंद्र त्याच्या मानसिक आजाराचे कारण देऊन त्याला परत विभागाकडे पाठवते. कागदोपत्री दोन्हीकडे नोंद होते, उपचार कुठेच होत नाहीत. ज्या माणसाला उदासीमुळे सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला आधी दारू सोडून दाखव आणि मगच तुझी उदासी तपासू असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला आधी चालून दाखव असे म्हणण्यासारखे आहे.

उपचारांची रचना तीन प्रकारची असते. एका आजाराचे उपचार संपल्यावरच दुसऱ्याचे सुरू करणे हा पहिला प्रकार. दोन निरनिराळ्या ठिकाणी, एकमेकांशी न बोलता, एकाच वेळी उपचार चालवणे हा दुसरा. आणि एकाच चमूने दोन्ही आजारांची जबाबदारी घेणे हा तिसरा. तज्ज्ञांचा कल गेली तीनएक दशके तिसऱ्याकडे आहे. तुमच्या दादांच्या बाबतीत दोन डॉक्टरांमधून निवड करण्यापेक्षा त्या दोघांना एकमेकांशी बोलते करणे, किंवा दोन्ही सांभाळणारा एकच मनोविकारतज्ज्ञ शोधणे, अधिक उपयोगी ठरेल.

याला आधारही आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य आणि दारूचे अवलंबित्व दोन्ही असलेल्या १७० जणांना १४ आठवडे उपचार दिले गेले. सर्वांना समुपदेशन होते. काहींना फक्त नैराश्यावरचे सर्ट्रालिन, काहींना दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन, काहींना दोन्ही, आणि काहींना निष्क्रिय गोळी मिळाली. उपचारांच्या काळात दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही औषधे घेणाऱ्यांमध्ये सुमारे ५४ टक्के होते. उरलेल्या तिन्ही गटांत ते २१ ते २८ टक्क्यांच्या दरम्यानच राहिले. एकाच आजाराचे औषध देऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवली, तर दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्याही अपुऱ्याच पडतील, हे यावरून दिसते.

आईच्या मताविषयी थोडेसे. मनातल्या यातनेवर उतारा म्हणून माणूस नशेकडे वळतो, ही मांडणी एडवर्ड खान्झियान या मनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये केली आणि ती खूप गाजली. तिच्यात तथ्य आहे, परंतु कुटुंबीय तिचा आधार घेऊन, दुःख मिटले की दारूही सुटेल अशी वाट पाहत बसतात, ते मला धोक्याचे वाटते. काही वर्षांनी व्यसन मूळ कारणापासून सुटे होते आणि स्वतःच्या बळावर चालू राहते. चिंताविकारात हे स्पष्ट दिसते: चारचौघांत वावरण्याची भीती बहुधा किशोरवयात सुरू होते, दारूने ती तासभर मावळते, पण अंमल उतरला की पूर्वीपेक्षा वाढलेली धडधड आणि घाबरटपणा हाती येतो, आणि त्यावर पुन्हा दारूच उपाय वाटू लागते. सकाळच्या ज्या अस्वस्थतेला माणूस आपला स्वभाव समजतो, ती पुष्कळदा आदल्या रात्रीची दारू उतरण्याचा परिणाम असते.

तुम्ही विचारलेल्या इतर आजारांपैकी दोन हमखास नजरेतून सुटतात. पहिला म्हणजे मोठ्या आघातानंतरचा ताण. अपघात, हिंसा, लैंगिक अत्याचार यांच्या आठवणी आणि दुःस्वप्ने दाबण्यासाठी नशा केली जाते, आणि रुग्ण त्या घटनेचा उल्लेख आपणहून करत नाही, विशेषतः स्त्रिया. दुसरा म्हणजे लहानपणापासूनची अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. व्यसनासाठी उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला हा विकार असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. शाळेतील प्रगतिपुस्तकांवरचे शिक्षकांचे शेरे अशा वेळी कोणत्याही चाचणीइतकेच बोलके असतात.

सहप्रवासी यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला द्विध्रुवी विकार आहे, म्हणजे उन्माद आणि उदासी यांचे काळ आलटून पालटून येतात, आणि दारूपासून मी बऱ्याच काळापासून दूर आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत ज्याचा उल्लेख ओझरताच आला, त्याबद्दल लिहितो. माझ्या उन्मादाच्या काळात मी जे वागलो, म्हणजे रात्र रात्र जागणे, अनोळखी लोकांना पैसे वाटणे, एकामागून एक व्यवसाय सुरू करण्याचे बेत आखणे, ते सगळे घरच्यांनी दारूच्या खाती टाकले. उदासीचा काळ आला तेव्हा मात्र मला डॉक्टरांकडे नेले गेले, त्यामुळे साहजिकच निदान फक्त नैराश्याचे झाले. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काही रुग्णांमध्ये उन्माद उफाळून येतो, आणि माझ्या बाबतीत तसेच घडले.

अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून १९९० साली पुढे आलेले आकडे मला नंतर एका तज्ज्ञांनी दाखवले. तीव्र उन्माद होणाऱ्या द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना, आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना, आयुष्यात कधी ना कधी दारू किंवा इतर अमली पदार्थांचा विकार झालेला होता. तेव्हा ताई, दादा कधी अगदी कमी झोपूनही ताजेतवाने, भराभर बोलणारे, खर्चिक किंवा विनाकारण चिडके असे सलग काही दिवस होते का, आणि त्या दिवसांत ते पीत होते का, हे वहिनींना आठवून पाहायला सांगा. हा प्रश्न रुग्णाला विचारून फारसा उपयोग होत नाही. उन्मादात माणसाला आपण अखेर बरे झालो असेच वाटत असते.

शरयूकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल वहिनी आणि आई यांच्यासोबत बसून आठवेल तेवढे लिहून काढले. दादा कॉलेजात असताना, दारू सुरू होण्यापूर्वी, जवळजवळ अख्खे वर्ष खोलीतून बाहेर पडत नव्हता आणि परीक्षेलाही बसला नव्हता. तेव्हा आम्ही त्याला आळशी ठरवले होते. उन्मादासारखे काही कोणाला आठवत नाही. मात्र वहिनीने प्रथमच सांगितले, की मध्ये एक काळ तो गांजाही ओढत असे आणि तेव्हा आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असे त्याला वाटे. गांजा सुटल्यावर ते थांबले. दादाशीही सरळ बोलले. जीव देण्याचे ठरवलेले नाही, पण जगण्याचा कंटाळा आला आहे, असे तो म्हणाला. त्याच्याकडे झोपेच्या गोळ्यांच्या बऱ्याच पट्ट्या सापडल्या. शिवाय तो दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढतो; त्या मात्र आत्ता सोडू देऊ नयेत, नाही तर मन आणखी बिघडेल, असे सगळे म्हणतात.

औषधपेढी यांचे उत्तर

गोळ्यांपासून सुरुवात करतो. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या बेंझोडायझेपिन गटातल्या असतात. दारूबरोबर घेतल्यास दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. म्हणून त्या पट्ट्या आजच वहिनींच्या ताब्यात जाऊ द्या. परंतु दादा त्या रोज घेत असतील, तर एकदम बंद करू नका, कारण त्या अचानक थांबल्यानेही झटके येतात. गंमत अशी, की दारू सोडवताना देखरेखीखाली हाच गट मोजून मापून, कमी करत करत दिला जातो. त्यामुळे औषध वाईट आणि औषध चांगले असा सरसकट निवाडा येथे चालत नाही.

दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाला न कळवता जेवणात मिसळण्याचा सल्ला नातेवाईक एकमेकांना देतात. तो कदापि मानू नका. ते पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतात, आणि ज्यांना पूर्वी भास किंवा संशयाचा त्रास झालेला आहे, त्यांच्यात तो त्रास या औषधाने उलटूही शकतो. दादांच्या गांजाच्या काळातील संशयाची माहिती म्हणूनच डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

सिगारेट सोडल्याने मन बिघडते, ही समजूत बहुतेक नव्हे, तर पार उलटी आहे. २०१४ मधील एका मोठ्या विश्लेषणात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही सुधारणा तेवढीच होती. पहिले काही आठवडे चिडचिड होते, हे खरे. एक तांत्रिक बाब मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: तंबाखूच्या धुरामुळे यकृतातील एक विकर जोमाने काम करू लागते आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिन यांसारखी तीव्र मानसिक आजारांवरची औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. अशी औषधे घेणाऱ्याने धूम्रपान सोडले, की त्याच मात्रेत रक्तातील औषध वाढते. म्हणून सिगारेट सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवायची असते. आणि सिगारेटसाठी बुप्रोपिऑन हे औषध कोणी सुचवलेच, तर दारू एकाएकी बंद करण्याच्या काळात ते चालत नाही. त्याने झटक्यांची शक्यता वाढते.

मानसवैद्य यांचे उत्तर

ताई, कॉलेजातील त्या वर्षाची आठवण हा या सगळ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. दारूच्या आधीचा दीर्घ उदासीचा काळ हाती आल्यावर, स्वतंत्र नैराश्य असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि मी त्यांना तपासत असतो तर दारू उतरवण्याच्या उपचारांबरोबरच नैराश्याच्या औषधाचा विचार केला असता, चौथ्या आठवड्याची वाट पाहिली नसती. त्या औषधाचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही, हे दादांना आधीच सांगून ठेवावे. नाही तर पहिल्याच आठवड्यात "याने काही होत नाही" म्हणून ते सोडले जाते.

गांजाविषयी. तेव्हाचा संशय गांजा सुटल्यावर गेला, ही चांगली खूण आहे, परंतु ती बाब किरकोळ समजू नये. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे माग ठेवणारा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका, कधीच न ओढलेल्यांच्या सहापट आढळला. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर तो फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. अलीकडच्या अधिक तीव्र गांजामुळे हा धोका आणखी वाढतो. ज्यांच्या मनाने एकदा असा झोका घेतला आहे, त्यांनी गांजाकडे पुन्हा वळू नये, मग झोप येण्यासाठी म्हणून कोणी कितीही आग्रह करो. तसेच दारू थांबवण्याच्या दिवसांत आवाज ऐकू येणे किंवा संशय येणे असे काही घडले, तर ते नव्या आजाराचे लक्षण न मानता आधी दारू उतरण्याच्या त्रासाचा भाग म्हणून तपासावे लागते.

घरी लिहून काढलेला तो कालक्रम स्वच्छ लिहून डॉक्टरांकडे न्या. एका रकान्यात वर्षे, दुसऱ्यात दारू, गांजा, सिगारेट आणि गोळ्या, तिसऱ्यात मनःस्थिती, झोप आणि काम, इतके पुरे. शक्य असेल तर दादांनाच तो वाचून दुरुस्त करू द्या, म्हणजे तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा वाटणार नाही. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: दारू थांबवण्याचे उपचार दाखल करून करावे लागतील का, आणि नैराश्याचा उपचार व व्यसनाचा पाठपुरावा एकाच ठिकाणी होईल का. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांना पत्र देण्याची विनंती करा आणि त्या पत्रांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा.